सोनखत करणारे अप्पा

पावसाळ्यात शेणवा गावाच्या परिसरात फिरले, तर भाताची खाचरे पाण्याने भरलेली दिसतात. गोठ्यांमागे उकिरडे असतात. उकिरड्यावरून वाहणारे पाणी कोठे जाते? ते ओहोळात जाते, ओहोळातून नदीत जाते, तर कधी विहिरीतही झिरपते. वरून पाणी स्वच्छ दिसते. पण स्वच्छ दिसणारे सगळेच पाणी पिण्याजोगे नसते.

पाण्यात शेण, मैला किंवा कुजका पाला मिसळला की सूक्ष्म जंतू त्यावर तुटून पडतात. ते खाताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. प्रयोगशाळेत असे पाणी बाटलीत बंद करून काही दिवस ठेवतात आणि प्राणवायू किती कमी झाला ते मोजतात. जितका प्राणवायू कमी, तितकी घाण अधिक. मैल्यातून आलेले जंतूही तपासून ओळखता येतात. गंमत अशी, की घाण कुजवणारे हेच जंतू शेतकऱ्याचे मित्रही आहेत. नदीत त्यांच्यामुळे मासे गुदमरतात. खड्ड्यात त्यांच्यामुळेच उत्तम खत होते.

ही गोष्ट कोकणातील एका माणसाने नीट ओळखली. त्यांचे नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. लोक त्यांना अप्पासाहेब म्हणत. त्यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. ते अतिशय हुशार होते. पुण्यात शिकून ते प्राध्यापक झाले. सुखाची नोकरी होती, मान होता. पण महात्मा गांधींच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. नोकरी सोडून ते देशसेवेत उतरले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवादही त्यांनीच केला.

त्या काळी घरोघरचा मैला काही ठरावीक जातींच्या माणसांना हातांनी उचलून डोक्यावरून वाहावा लागे. एवढे घाणेरडे काम करूनही समाज त्यांनाच घाणेरडे समजे. अप्पांना हा अन्याय सहन होत नसे. घाण करणारा मोठा आणि घाण काढणारा हलका, हे कसे?

१९३२ साली अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे संडास साफ करण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागितले. उच्च मानलेल्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. अप्पांनी निषेध म्हणून आपले जेवण कमी केले. त्यांची प्रकृती खालावली. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही उपोषण सुरू केले. मागणीचा विचार होईल असे आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटले. लोक मिठाईसाठी, मानासाठी भांडतात. अप्पा झाडूसाठी झगडले!

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम सुरू केला. नुसते झाडू हातात घेऊन भागणार नाही, हे त्यांना समजले होते. माणसाला मैला उचलावाच लागू नये, अशी सोय हवी होती. म्हणून त्यांनी साधे, स्वस्त संडास तयार करण्याचे प्रयोग केले. मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकला की दुर्गंधी येत नाही, माश्या बसत नाहीत. काही महिन्यांत जंतू आपले काम पुरे करतात. मग हाती येते ते काळसर, भुसभुशीत खत. शेतकरी त्याला सोनखत म्हणतात. हे संडास गोपुरी संडास म्हणून ओळखले गेले.

गोबरगॅसचाही अप्पांनी प्रसार केला. बंद टाकीत हवा शिरत नाही. तेथे हवेवाचून जगणारे जंतू शेण व मैला कुजवतात. त्यातून मिथेन नावाचा जळणारा वायू निघतो. त्यावर चूल पेटते, आणि उरलेली मळी शेताला खत म्हणून मिळते. पुढे पुण्याजवळच्या देहू येथे डॉ. मापुसकर यांनी मैल्यापासून गॅस मिळवण्याचे काम नेटाने चालवले.

१९७१ साली अप्पासाहेबांचे निधन झाले. कोकणचे गांधी म्हणून लोक आजही त्यांची आठवण काढतात. माणसाकडून मैला उचलवून घेण्यास १९९३ साली कायद्याने बंदी आली. २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरलेल्या कामगारांचे प्राण गेल्याच्या बातम्या येतात. म्हणजे अप्पांचे काम अजून संपलेले नाही.

शहापूर आणि मुरबाडच्या वाड्या-वस्त्यांवर गुरे आहेत, शेण आहे, पालापाचोळाही आहे. तो ओहोळात जाऊ द्यायचा की खड्ड्यात कुजवून सोनखत करायचे, हे आपणच ठरवायचे आहे. घाण जागच्या जागी जिरवली तर ती संपत्ती होते. आणि ती जिरवणारे हात कधीच हलके नसतात.

शब्दार्थ
ओहोळ – लहान ओढा
मैला – माणसाची विष्ठा
झिरपणे – हळूहळू आत उतरणे
निषेध – विरोध दाखवणे
मळी – टाकीत उरलेला पातळ गाळ

स्वाध्याय
१. पाण्यातील घाण प्रयोगशाळेत कशी ओळखतात?
२. अप्पांनी तुरुंगात कोणते काम मागितले? का?
३. सोनखत कसे तयार होते?
४. आपल्या घराजवळचे सांडपाणी कोठे जाते ते पाहा व पाच वाक्ये लिहा.