झिजलेल्या रुपयांचा हिशेब

परभणीला आमच्या आजीच्या पेटीत निजामी अमदानीतले हाली रुपये होते. चारमिनार उमटवलेले, कडा गुळगुळीत झालेले. आत्याच्या लग्नात ते सराफाच्या तराजूत गेले आणि चांदीच्या भावाने विकले गेले. गेलेल्या चांदीपेक्षा त्यांच्या झिजेचे मोल अधिक होते, हे मला दामोदर धर्मानंद कोसंबी वाचल्यावर उमगले. तोवर बँकेतली माझी निम्मी नोकरी सरली होती.

कोसंबींचा जन्म १९०७ सालचा, गोव्यातल्या कोसबे गावचा. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर हा मुलगा १९१८ मध्ये अमेरिकेला गेला. बोस्टनला खेटून असलेल्या केंब्रिजमध्ये शाळा, मग हार्वर्ड. त्याच बोस्टनमध्ये १६५२ साली वसाहतकऱ्यांनी स्वतःची टांकसाळ काढून चांदीचे शिलिंग पाडले होते. पाइन वृक्षाचा छाप असलेले शिलिंग तर पुढे कित्येक वर्षे पाडले जात होते, पण त्यांवर साल मात्र १६५२च! आज त्यांतल्या एकेका नाण्यासाठी संग्राहक जीव टाकतात.

कोसंबींचा जीव एकेका नाण्यात नव्हता, ढिगात होता. १९२९ साली पदवी घेऊन ते परतले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवताना त्यांनी संख्याशास्त्राच्या सरावासाठी चांदीची आहत नाणी निवडली. तक्षशिलेला १९२४ साली हजारावर नाणी एकत्र सापडली होती. त्यांवर ना राजाचे नाव, ना साल, नुसती चिन्हे. कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. एका नाण्यावरून काही ठरत नाही, पण पुष्कळ नाण्यांची सरासरी काढली की कोणती अधिक फिरली ते कळते. पाठीमागे तपासणीचे छाप जितके जास्त, तितके वजन कमी, असा मेळही बसला. खातरजमेसाठी त्यांनी चलनातली हजारो नाणी तोलली. एवढी चिकाटी आमच्या कॅशियरांपाशीही नसे!

त्यांनी त्या नाण्यांना जोडलेली राजांची नावे सर्वांना पटलेली नाहीत. पद्धतीचा दबदबा मात्र राहिला. १९४५ पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबई गाठत. १९६२ मध्ये तिथून बाहेर पडावे लागले, आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच ते गेले.

एकत्र सापडलेली नाणी पांगली की असा हिशेब मांडता येत नाही. आजीचे रुपये किती होते, हे आमच्या घरात कुणी मोजूनही ठेवले नव्हते.