औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी : मराठी माहिती

चित्रकलेच्या तासाला मी वर्गात मोनालिसाचं छापील चित्र दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे खरं आहे का?" खरं चित्र पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं, लाकडी फळीवर रंगवलेलं. आपल्या नवीन जालन्याच्या शाळेतली मुलं ते कधी बघणार? मग आपण बघतो ती नक्कलच ना! या नकलेचा काही उपयोग असतो का? याचं उत्तर मला एका राजाच्या चरित्रात सापडलं, म्हणून आज त्यांची माहिती पाहू.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी.ए. झाले आणि १९०९ साली औंध संस्थानाच्या गादीवर आले. संस्थान केवढं? फक्त ७२ गावं. तीही सलग नाहीत, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली आणि बरीचशी दुष्काळी. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळ वेगळा सांगायला नको.

बहुतेकांना हे राजे सूर्यनमस्कारांमुळे माहीत असतात. १९३६ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रातही त्यांच्या सूर्यनमस्कारांबद्दल छापून आलं. पण त्यांचा जीव खरा रमायचा तो चित्रांत. ते स्वतः चित्रं काढत, कीर्तनही करत. रामायणातल्या प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका केली, ती १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. या चित्रांतला विषय अगदी आपला, पण रंगवायची पद्धत युरोपातली, म्हणजे उजेड-सावली, दूरचं लहान अन् जवळचं मोठं, अंगाची नीट मापं. खरं सांगायचं तर त्यांची चित्रं राजा रविवर्म्याच्या तोडीची नाहीत. पण ज्याने स्वतः हातात ब्रश धरलाय त्याला दुसऱ्याच्या चित्रातली मेहनत कळते, हे मात्र नक्की.

इथे युरोपची थोडी पार्श्वभूमी समजून घ्या. तिथे पूर्वी बऱ्याच लोकांना वाचता येत नसे. म्हणून चर्चच्या भिंतींवर बायबलमधल्या गोष्टी रंगवत. इटलीतल्या पादुआ गावात जोत्तो या चित्रकाराने साधारण १३०५ साली एक अख्खं प्रार्थनामंदिर असं रंगवलं. पैसा देणारे सावकार, सरदार, धर्मगुरू आणि बघणारी साधी माणसं. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी चित्रं दाखवून रामायण-महाभारत सांगतात, त्याच्याशी हे किती जुळतं बघा! बाळासाहेबांनी कीर्तन आणि रंग दोन्ही जवळ केले, त्यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

युरोपकडे बघताना त्यांनी घरच्याकडे पाठ फिरवली नाही. आपल्या शेजारच्या अजिंठ्याला त्यांनी जाऊन लेणी अभ्यासली आणि १९३२ साली त्यावर पुस्तक काढलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी १९१८ साली एक लाख रुपये देण्याचं कबूल केलं. ती आवृत्ती सचित्र व्हावी ही त्यांची इच्छा. चित्रकला शिकलेले पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही बाळासाहेबच होते.

आता मुख्य गोष्ट. औंधला यमाई देवीच्या डोंगरावर, चढणीच्या मध्यावर त्यांनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभं केलं. वय तेव्हा सत्तरीचं. चित्रांवर नैसर्गिक उजेड पडावा अशी इमारतीची रचना. रविवर्मा, धुरंधर अशा आपल्या चित्रकारांची कामं आणि सोबत युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला. विकत घेणाऱ्याला नक्कल म्हणजे कमी किमतीची वस्तू. पण देवीला आलेल्या शेतकऱ्याला, औंधच्या शाळेतल्या पोराला तीच युरोपची खिडकी झाली. राजवाड्यात कुलूप लावून ठेवता आली असती की! आणि सगळ्याच नकला आहेत असंही नाही. हेन्री मूर या प्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही तिथे आहे. खेडेगावातल्या डोंगरावर हेन्री मूर!

पुढच्याच वर्षी, १९३९ ला, त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना मंजूर केली. त्यात गांधीजींचा सल्ला आणि चिरंजीव अप्पासाहेबांची मेहनत होती. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचं निधन झालं.

औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात येतं. जालन्याहून लांब आहे, पण त्या बाजूला सहल गेली तर यमाईच्या दर्शनाला चढताना मध्ये थांबा. तोवर वर्गातलं छापील चित्र आहेच. त्यातले हात नीट बघा, पुढच्या तासाला तेच काढायचे आहेत.