हस्तकलेला बाजारपेठ मिळवून देणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय

वार्षिक स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील पूर्वजांचीच चरित्रे दिली जातात. यंदा आम्ही एका परज्ञातीय विदुषीचे चरित्र सादर करीत आहोत. आपल्या तांबट समाजाप्रमाणे हातांच्या कसबावर जगणाऱ्या सर्वच ज्ञातींवर त्यांचे ऋण आहे.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे सारस्वत कुटुंबात झाला. त्या सात वर्षांच्या असताना वडील मृत्युपत्र न करता निवर्तले आणि तत्कालीन कायद्यानुसार इस्टेट सावत्र मुलाकडे गेली. मातोश्री गिरिजाबाईंनी देऊ केलेला निर्वाहखर्च नाकारून मानाने मुलींचा सांभाळ केला. कमलादेवींना बालपणीच वैधव्य आले. पुढे कवी हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला; सनातन्यांच्या रोषाची पर्वा केली नाही. १९२६ साली मद्रास कायदेमंडळाची निवडणूक त्यांनी लढविली व थोड्या मतांनी त्या पराभूत झाल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या शेअरबाजारात शिरून त्यांनी मिठाच्या पुड्या विकल्या आणि कारावास पत्करला.

स्वातंत्र्यानंतर कोणत्याही अधिकारपदाच्या मागे न लागता त्या निर्वासितांच्या पुनर्वसनाकडे वळल्या. १९४८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन स्थापन झाली. त्याच साली दिल्लीत सुरू झालेले सरकारी कुटिरोद्योग एम्पोरियम नीट चालेना, तेव्हा १९५२ मध्ये ते या युनियनकडे सोपविण्यात आले. जनपथावरील जुन्या लष्करी बराकींत हे दुकान भरे. कारागीर गरीब का राहतो, याचे मर्म कमलादेवींनी ओळखले होते. त्याच्याजवळ कसब असते. परंतु भांडवल नसते आणि गिऱ्हाइकाची ओळख नसते. म्हणून तो दलालाच्या उचलीत अडकतो. ही गाठ सुटावी म्हणून खेडोपाडी जाऊन कारागीर हुडकणे, त्यांच्या मालाची पारख करणे आणि तो शहरी ग्राहकापर्यंत पोचविणे, हे कार्य या दुकानाने केले. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर अशा शहरांत शाखा निघाल्या व १९७६ मध्ये या व्यवसायाचे सरकारी महामंडळ झाले.

१९५२ पासून सुमारे दोन दशके अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९६५ पासून निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यात येऊ लागले. निनावी कारागिराचे नाव त्यामुळे प्रथमच देशापुढे आले. १९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९८७ मध्ये पद्मविभूषण लाभले. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अशा दुकानांनी हस्तकला श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली, असा आक्षेप काही विचारवंत घेतात. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घराघरांतील घागर व बंब ॲल्युमिनियमने आणि स्टीलने आधीच हुसकून लावले होते, हे आपल्या आळ्यांना कोणी सांगावयास नको. नवे गिऱ्हाईक शोधले नसते तर मठारकामाचा हातोडा कायमचा थांबला असता.

आपली मुले शिकून अन्य व्यवसायांत शिरली, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र त्यांपैकी कोणी हिशेब जाणणारा, कोणी आरेखन जाणणारा पुन्हा आळीकडे वळेल आणि वडिलांच्या हातच्या मालाला योग्य दाम मिळवून देईल, तर ज्ञातीने कमलादेवींचे ऋण अंशतः फेडले असे होईल.