पंडिता रमाबाई : अरण्यांतून श्रद्धेकडे

पवित्र शास्त्र उघडलें कीं त्यांत अरण्याच्या वाटा जागोजागीं भेटतात. हागार आपल्या मुलास घेऊन बैर-शेब्याच्या रानांत भटकली. पखालींतलें पाणी संपलें तेव्हां तिनें त्याला झुडुपाखालीं ठेविलें आणि त्याचें मरण दिसूं नये म्हणून ती दूर जाऊन बसली. इस्राएल लोक चाळीस वर्षें रानांत फिरले. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखालीं बसून मरण मागूं लागला. आपला प्रभु तर चाळीस दिवस रानांत उपाशी राहिला. शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेंत हे वृत्तांत आपण इतक्या वेळां ऐकतों कीं ते कोणा दूरदेशच्या, दूरकाळच्या माणसांचे आहेत असें वाटूं लागतें. विद्यार्थिमित्रहो, म्हणून या अंकांत आम्ही तुम्हांपुढें आपल्याच भाषेंत बोललेल्या व लिहिलेल्या एका बाईचें चरित्र ठेवीत आहों. तिच्या आयुष्याचीं पहिलीं सुमारें वीस वर्षें रानावनांतून व वाटांवर भटकण्यांत गेलीं.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. तें अरण्य त्यांच्या वडिलांनीं आपण होऊन पत्करलें होतें. अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे विद्वान. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकवावें असा त्यांनीं निश्चय केला. स्त्रीला देववाणी शिकविणें हें त्या काळीं मोठेंच धाडस होतें. आप्तांनीं विरोध केला, विद्वानांच्या सभेपुढें त्यांस जाब द्यावा लागला. ग्रंथांचे आधार देऊन त्यांनीं आपली बाजू मांडली. आणि पुढें माणसांचा गलबला सोडून ते पत्नीसह डोंगरांत राहावयास गेले. तेथें त्यांच्या घरीं शिष्य राहात, यात्रेकरू उतरत. या आदरातिथ्यांत होती नव्हती ती मालमत्ता संपली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतांना कुटुंबानें घर सोडलें. वेताच्या पेटींत घालून, गड्याच्या डोक्यावरून त्यांचा पहिला प्रवास झाला. तेव्हांपासून पुढें सुमारें वीस वर्षें त्यांना स्वतःचें असें गांव नव्हतें.

तीर्थामागून तीर्थ करावें, देवळांत किंवा घाटावर बसून पुराण सांगावें, आणि लोक जें देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्या घराचा क्रम होता. शाळा नाहीं, फळा नाहीं, हजेरीपट नाहीं. परंतु आई पहांटे मुलीस प्रेमानें उठवी आणि दिवसाचीं कामें सुरू होण्यापूर्वीं तिला श्लोक शिकवी. आठव्या वर्षीं सुरू झालेला हा अभ्यास चालत्या वाटेवर, धर्मशाळेंत, झाडाखालीं चालू राहिला. पंधरा वर्षांच्या आंत रमाबाईंस भागवतासारखा प्रचंड ग्रंथ मुखोद्गत झाला होता.

पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांजवळच दाणा उरला नाहीं, मग सांगणाऱ्यास कोण देणार? मजुरी करावी तर ती शिकलेली नव्हती, आणि भीक मागण्यास मन धजेना. होतें तें दान-धर्मांत व व्रतांत संपलें. देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल, ही आशा होती. अखेरीस अन्नाचा शेवटचा कण संपला तेव्हां लोकांसमोर मरण्यापेक्षां एकांतांत मरावें म्हणून सारें कुटुंब तिरुपतीजवळच्या रानांत शिरलें. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरें यांवर तीं माणसें जगलीं. वृद्ध अनंतशास्त्र्यांनीं जलसमाधि घेण्याचा विचार केला. तेव्हां थोरला भाऊ श्रीनिवास पुढें झाला. जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करूं, पण वडिलांना असें जाऊं देणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. निरोप घेतांना वडिलांनीं धाकट्या लेकीला कवटाळून धरलें आणि देवाची सेवा कर, हाच उपदेश केला. कुटुंब रानांतून बाहेर आलें. परंतु शरीरें खचलीं होतीं. १८७४ मध्यें वडील वारले, आणि थोड्याच आठवड्यांनीं आईही गेली. आईच्या प्रेतास खांदा द्यावयास पुरेशीं माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी रमाबाई. उंची कमी म्हणून तिनें तो भार डोक्यावर घेतला. स्मशान सुमारें तीन मैल दूर होतें. पुढच्या वर्षीं वडील बहीणही पटकीनें गेली.

उरलीं तीं दोघें भावंडें उत्तरेकडे निघालीं. चार हजार मैलांहून अधिक वाट त्यांनीं पायीं तुडविली. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडीच्या रात्रीं अंगावर पांघरूण नव्हतें, म्हणून वाळूंत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, डोकें तेवढें बाहेर ठेवून, त्यांनीं अंगावर वाळू ओढून घेतली. या प्रवासांतच रमाबाईंच्या मनांतली बालपणची श्रद्धा ढासळूं लागली. जें जें शास्त्रांनीं सांगितलें तें तें केलें, तरी आईबाप उपाशीं मेले. मग खरें काय, हा प्रश्न त्यांस सोडीना.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबावयास सांगतों. रानांत गेलें कीं देव भेटतो, असें आपण सहज बोलून जातों. रमाबाईंचें चरित्र तसें सांगत नाहीं. रानानें त्यांची श्रद्धा प्रथम हिरावून घेतली. इस्राएल लोकांचेंही तसेंच झालें. ते रानांत कुरकुरले आणि मिसराच्या अन्नाची आठवण काढून रडले. रान माणसाला रिकामें करतें. त्या रिकाम्या जागीं पुढें काय येतें, हें मागाहून दिसतें.

१८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. तेथेंच एका ख्रिस्ती मेळ्यास रमाबाई गेल्या असतां लोक खुर्च्यांपुढें गुडघे टेकून प्रार्थना करतांना त्यांनीं पाहिले, आणि हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात काय, असें त्यांना वाटलें! त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालें. पण वाचून अर्थ लागेना. १८८० मध्यें डाक्क्यास श्रीनिवासही वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं जातीबाहेर विवाह केला आणि सिल्चर येथें संसार मांडला. प्रथमच त्यांच्या डोक्यावर स्वतःचें छप्पर आलें. या घरांतील पुस्तकांत त्यांना एके दिवशीं बंगाली भाषेंतील लूककृत शुभवर्तमानाची लहानशी प्रत सांपडली. ती तेथें कशी आली हें त्यांना माहीत नव्हतें. ज्या बाईनें हिंदुस्थान पालथा घातला, तिला हें पुस्तक घरच्या फळीवर मिळालें, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पतीस हा नवा ओढा आवडला नाहीं. पुढें कन्या मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति वारले.

कडेवर मूल घेऊन विधवा रमाबाई पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें. हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना स्त्रियांना स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर हवेत असें त्यांनीं आग्रहानें मांडलें. १८८३ मध्यें वैद्यकी शिकावी म्हणून त्या इंग्लंडास गेल्या. पण कानानें कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत फसला. तेथें धर्मभगिनींबरोबर फुलम येथें गेल्या असतां, समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा चाललेली त्यांनीं पाहिली. अशा स्त्रियांवर कोणी माया करतें, हें त्यांना नवीन होतें. हें कशामुळें, असें विचारतां त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा वृत्तांत दाखविण्यांत आला. त्या वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तथापि दुसऱ्यानें सांगितलें म्हणून कोणतेंही मत रमाबाईंनीं स्वीकारलें नाहीं. ज्या भगिनींनीं त्यांना आश्रय दिला त्यांच्याशींही त्या धर्मतत्त्वांविषयीं निर्भयपणें वाद घालीत. पुढें कित्येक वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, परंतु ख्रिस्त स्वीकारला नव्हता, असें त्यांच्या ध्यानांत आलें आणि मनास खरी शांति मिळाली.

१८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेस गेल्या. तेथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि बोस्टनच्या मंडळीनें दहा वर्षें साह्य देण्याचें वचन दिलें. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन निघालें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. विधवांसाठीं काढलेल्या या घरांत प्रथम आलेल्या गोदूबाई या पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी झाल्या. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेंत बसतात यावरून १८९३ मध्यें मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि अनेक पालकांनीं मुली नेल्या. शहराच्या मध्यभागीं आलेलें हेंही एक अरण्यच होतें.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील वार्ता ऐकतांच तिरुपतीच्या रानांतील ते अकरा दिवस रमाबाईंच्या डोळ्यांपुढें उभे राहिले असल्यास नवल नाहीं. त्या स्वतः तेथें गेल्या आणि सुमारें तीनशें स्त्रियांना व मुलींना घेऊन आल्या. अमेरिकेचें साह्य संपेल तेव्हां उत्पन्न असावें म्हणून पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें जमीन घेतलेली होती. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही शेंकडों मुली आल्या. केडगांवास दोन हजारांच्या आसपास माणसें राहूं लागलीं. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठीं शिक्षण, पतितांसाठीं कृपा सदन, असा सारा संसार बायकांच्या हातांवर चालला. ज्यांना कोणी दारांत उभें केलें नसतें त्या तेथें अक्षरें जुळवीत, सूत काढीत, दळीत, शिकवीत. रमाबाईंची श्रद्धा आपणांस पाहावयाची असेल तर ती येथें, पिठाच्या कोठींत व धान्याच्या हिशेबांत पाहावी.

आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सगळें बायबल सोप्या मराठींत आणण्यास वाहिलीं. खेड्यांतील निरक्षर बाईलाही ऐकून कळावें हा हेतु होता. छपाईचें कामही मुक्तिसदनांतील मुलींनींच केलें. १९२१ मध्यें मनोरमा वारली. काम थांबलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. ग्रंथ १९२४ मध्यें प्रसिद्ध झाला.

हें चरित्र लिहितांना एक गोष्ट आमच्या मनास टोंचत राहिली, ती कबूल केली पाहिजे. आमच्या कुंभवलीच्या आसपासच्या पाड्यांतून कित्येक मुलें शाळेस चालत येतात. एकीकडे बोईसर-तारापूरचे कारखाने आहेत, तरी कित्येक घरें दिवाळी होतांच बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडीं परततात. एका वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगी अशीच गेली. दोन महिने वाट पाहून आम्हीं स्वतःच्या हातानें हजेरीपटांतील तिच्या नांवावर रेघ ओढली. ती जूनमध्यें परत आली, दाराशीं उभी राहिली, आणि नांव पुकारलें जात नाहीं हें पाहून निमूट निघून गेली. आम्हीं तिला हांक मारली नाहीं. आज वाटतें, रमाबाई लहानपणीं आमच्या वर्गांत असत्या तर त्यांच्याही नांवावर आम्हीं रेघच ओढली असती. जिला गांव नव्हतें त्या मुलीला तिच्या आईनें वाटेवर शिकविलें. आम्ही मात्र वाट संपण्याची वाट पाहात बसलों.

हागारेच्या वृत्तांतांत देवानें रानांत नवी विहीर खणली असें सांगितलेलें नाहीं; त्यानें तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शेजारच्या बांकावरील एखादा सोबती यंदा दिवाळीनंतर दिसेनासा झाला, तर तो कोठें गेला याची चौकशी करा, आपली वही त्याच्यासाठीं राखून ठेवा, आणि तो परतला कीं आधीं त्याचें नांव पुकारा. आम्हींही यंदापासून तसेंच करण्याचें ठरविलें आहे.