डिझेल नावाचा माणूस

मागच्या महिन्यात पनवेलहून पेणला माहेरी निघालो होतो. पंपावर भाच्याने घाईघाईत पेट्रोल भरून घेतलं आणि गाडी होती डिझेलची! थोडं पुढे गेल्यावर ती धक्के खात बंद पडली. मेकॅनिकने टाकी रिकामी केली, आम्ही बोलणी खाल्ली. मी मात्र विचारलंच, दोन्ही तेलंच ना, मग एकाच्या जागी दुसरं का चालत नाही?

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र जातात आणि प्लगची ठिणगी त्यांना पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. तिथे नुसती हवा इतकी दाबतात, की ती प्रचंड तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो ना, तसंच, पण कितीतरी पटीने. त्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. पेट्रोल मुळात ठिणगीआधी पेटू नये असंच केलेलं, म्हणून तिथे ते नीट पेटत नाही. शिवाय डिझेलचा ओशटपणा त्यात नाही, त्यामुळे आतला पंप झिजतो.

डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू करायचे. १८७० च्या युद्धात जर्मन कुटुंबांना फ्रान्स सोडावा लागला. बारा वर्षांच्या रुडॉल्फला नातेवाइकांकडे ऑग्सबर्गला शिकायला धाडलं. पोरगा हुशार, पुढे म्युनिकला इंजिनिअर झाला.

त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातली बहुतेक उष्णता वायाच घालवत. ते त्याला सहन होईना. १८९३ मध्ये त्याने ऑग्सबर्गला पहिली चाचणी घेतली, तीही पेट्रोल घालून! (भाच्याला हे मुद्दाम ऐकवलं.) दाब मोजायचं उपकरण फुटलं, तो थोडक्यात वाचला. पुढे चार वर्षं खटपट. १८९७ साली रॉकेलवर इंजिन नीट चाललं आणि इंधनातली चौथा हिस्सा शक्ती कामी आली. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं.

पैसा आला, म्युनिकला मोठा बंगला झाला. पण जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला, डोकेदुखी पाठ सोडेना, पेटंटचे वाद वेगळेच. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री बेल्जियमहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर तो जेवला, केबिनकडे गेला आणि सकाळी नाहीसा झालेला. काही दिवसांनी समुद्रात एक देह सापडला. खलाशांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या. मुलाने त्या ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल आजही लागलेला नाही.

निघण्यापूर्वी त्याने पत्नी मार्थाकडे एक बॅग दिली होती, आठवडाभराने उघडायची म्हणून. सांगतात की तिच्यात वीस हजार मार्क होते, आणि बँकेत काहीच उरलं नसल्याचे कागद. घराची ही अवस्था तिन्ही मुलांच्या आईला तेव्हा कळली.