आर्य स्थूलभद्र स्वामी : कोशेच्या चित्रशाळेतील चातुर्मास

जैन परंपरेच्या मंगलस्मरणात भगवान महावीर आणि गौतमस्वामी यांच्या पाठोपाठ ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते आर्य स्थूलभद्र स्वामी होत. त्यांच्या जीवनाचा पूर्वार्ध एका गणिकेच्या प्रासादात व्यतीत झाला आणि उत्तरार्ध श्रुतज्ञानाच्या रक्षणात. या दोन टोकांच्या मध्ये एका उत्कट प्रीतीचा त्याग आहे, आणि हा त्याग एकट्या स्थूलभद्रांचा नाही; कोशेचाही आहे.

पट्टावलींच्या गणनेनुसार त्यांचा जन्म वीर निर्वाण संवत ११६ मध्ये, म्हणजे इ.स.पू. ४११ च्या सुमारास पाटलीपुत्र नगरीत झाला. पिता शकटाल हे नंद राजाचे महामंत्री. धाकटा बंधू श्रीयक राजाचा अंगरक्षक होता. यक्षा, यक्षदत्ता, भूता, भूतदत्ता, सेना, वेणा आणि रेणा या सात भगिनी असाधारण स्मरणशक्तीसाठी प्रसिद्ध होत्या. थोरली एकदा ऐकलेले न विसरे, दुसरी दोनदा ऐकलेले, आणि याच क्रमाने सातवीपर्यंत.

तारुण्यात स्थूलभद्र नगरातील रूपगुणसंपन्न नर्तकी कोशा हिच्या सहवासात रमले, ते बारा वर्षे घरी परतलेच नाहीत. राजकारण, पित्याचे वार्धक्य, बंधूचा संसार यांपैकी कशाचीही त्यांना आठवण उरली नाही. कोशेचीही निष्ठा त्यांच्याच ठायी होती. कलेचा व्यवसाय करणाऱ्या त्या स्त्रीला या बारा वर्षांत एका पुरुषावाचून अन्य जग राहिले नव्हते.

इकडे दरबारात वररुची नावाच्या कवीने शकटालांशी वैर धरले होते. राजाची स्तुती करून तो दररोज द्रव्य मिळवीत असे. शकटालांनी आपल्या कन्यांच्या स्मरणशक्तीच्या साहाय्याने ते काव्य जुनेच असल्याचे भासवून त्याचा लाभ बंद केला. अपमानित वररुचीने सूडाची संधी साधली. श्रीयकाच्या विवाहप्रसंगी राजाला भेट देण्यासाठी मंत्र्याच्या घरी शस्त्रे घडविली जात होती. शकटाल राजाला मारून पुत्राला सिंहासनावर बसविणार, अशी वार्ता वररुचीने मुलांच्या तोंडून गावभर पसरविली. राजाचे मन फिरले. संपूर्ण कुलाचा नाश समोर दिसताच शकटालांनी एक भयंकर निर्णय घेतला. आपण राजाला नमस्कार करताना श्रीयकाने आपला शिरच्छेद करावा, अशी त्यांनी आज्ञा केली. पुत्राला पितृहत्येचे पातक लागू नये म्हणून आपण मुखात विष धरू, असेही सांगितले. श्रीयकाने अश्रू गिळून आज्ञा पाळली. कुल वाचले, पिता गेला.

राजाने मंत्रिपद श्रीयकाला देऊ केले. त्याने ज्येष्ठ बंधूचा अधिकार दाखवून दिला. बारा वर्षांनंतर स्थूलभद्रांना कोशेच्या दारातून राजवाड्यात बोलावणे आले, ते पित्याच्या मृत्यूची वार्ता घेऊनच. विचारासाठी अवधी मागून ते अशोकवनात बसले. ज्या अधिकारपदाने पित्याचे प्राण घेतले तेच पद आता आपल्यापुढे ठेवले आहे. आणि पित्याच्या अंतकाळी आपण विलासात मग्न होतो, या दोन गोष्टींनी त्यांचे अंतःकरण ढवळून निघाले. त्यांनी तेथेच केशलोच केला, पांघरलेल्या रत्नकंबलाच्या दशांचे रजोहरण केले आणि राजसभेत येऊन धर्मलाभ दिला. राजाला वाटले, हा पुन्हा कोशेकडेच जाईल. त्याने प्रासादावरून पाहिले. स्थूलभद्र मागे न पाहता निघून गेले. तीस वर्षांच्या वयात, वीर निर्वाण संवत १४६ मध्ये, त्यांनी आर्य संभूतिविजय यांच्याजवळ दीक्षा घेतली.

कोशेचा निरोप घेणे घडले नाही. ती वाट पाहत राहिली. दिराच्या नात्याने श्रीयक तिचे सांत्वन करण्यास जात असे. दोघांचेही दुःख एकाच माणसाचे होते.

पुढे एका चातुर्मासाच्या आरंभी संभूतिविजयांच्या शिष्यांनी कठोर अभिग्रह घेतले. एकाने सिंहाच्या गुहेपाशी, दुसऱ्याने सर्पाच्या बिळापाशी, तिसऱ्याने विहिरीच्या काठावर राहण्याची अनुज्ञा मागितली. स्थूलभद्रांनी कोशेची चित्रशाळा मागितली. त्यांना दारात पाहताच व्रताचे कष्ट असह्य होऊन प्रियकर परतला, असे तिला वाटले. तिने षड्रस भोजन दिले, शृंगार केला, नृत्य केले, जुन्या दिवसांची स्मृती जागविली. भिंतींवरील चित्रे तीच होती, पावसाळाही तोच. परंतु मुनींच्या दृष्टीत विकार नव्हता, तिरस्कारही नव्हता. चार महिन्यांत कोशेला उमगले की, हा पुरुष आता आपला होणार नाही. ज्याला मोहात पाडण्यासाठी तिने सर्व कला वेचल्या, त्याच्याकडूनच तिने श्राविकेची व्रते स्वीकारली.

चातुर्मास संपल्यावर गुरूंनी इतर शिष्यांना दुष्कर करणारे म्हटले. स्थूलभद्रांना मात्र दुष्कराहून दुष्कर करणारे म्हणून गौरविले. सिंहगुहेच्या मुनीला हे रुचले नाही. पुढील चातुर्मासात तोही कोशेकडे गेला आणि पाहताक्षणी मोहित झाला. कोशेने त्याला नेपाळच्या राजाकडून रत्नकंबल आणण्यास सांगितले. अपार कष्टाने आणलेले ते कंबल तिने त्याच्यासमोर गटारात टाकले. मौल्यवान वस्त्राचा शोक करणारा मुनी त्याहून मौल्यवान संयम चिखलात टाकत आहे, हे त्याला समजले आणि तो गुरूंकडे परतला. त्यागलेल्या स्त्रीने एका साधूचा संयम सावरला, हा या कथेतील कदाचित सर्वांत मोठा प्रसंग होय.

स्थूलभद्रांपुढे आणखी एक परीक्षा होती. बारा वर्षांच्या दुष्काळाने साधुसंघ विखुरला, श्रुत विस्मरणात जाऊ लागले. वीर निर्वाण संवत १६० च्या सुमारास पाटलीपुत्रात संघ जमला आणि अकरा अंगे संकलित झाली. बारावे अंग दृष्टिवाद केवळ नेपाळात साधना करणाऱ्या भद्रबाहू स्वामींना ज्ञात होते. अध्ययनासाठी गेलेल्या पाचशे साधूंपैकी अखेरपर्यंत स्थूलभद्र एकटेच टिकले. दहा पूर्वांपर्यंत ते पोचले असता दीक्षित भगिनी दर्शनास आल्या. त्यांना विद्येचा प्रभाव दाखविण्यासाठी स्थूलभद्रांनी सिंहाचे रूप घेतले. भद्रबाहूंनी हे जाणून पुढील वाचना थांबविली. संघाच्या विनंतीवरून उरलेली चार पूर्वे त्यांनी शब्दरूपाने दिली, अर्थ दिला नाही. आणि ती इतरांना शिकवू नयेत असे बंधन घातले. कोशेच्या सहवासात न ढळलेला साधक ज्ञानाच्या सूक्ष्म अभिमानाने ढळला, आणि त्याचे मूल्य साऱ्या संघाला द्यावे लागले. परंपरेने ही चूक झाकली नाही, म्हणूनच हे चरित्र अधिक विश्वासार्ह वाटते.

वीर निर्वाण संवत १७० मध्ये त्यांनी संघाची धुरा स्वीकारली आणि ४५ वर्षे वाहिली. आर्य महागिरी व आर्य सुहस्ती हे त्यांचे शिष्य. संवत २१५ मध्ये, ९९ वर्षांच्या आयुष्यानंतर, ते कालधर्मास प्राप्त झाले. १२ व्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी परिशिष्टपर्वात हे चरित्र विस्ताराने गुंफले. पाटण्यातील गुलजारबाग येथे त्यांचे स्मृतिस्थान आहे.

त्या चातुर्मासानंतर स्थूलभद्र पुन्हा त्या चित्रशाळेत राहिल्याचे चरित्रात येत नाही. कोशेची कथा मात्र पुढे येते. एका रथिकाने बाणांच्या साखळीने आंब्याचा घोस तोडून आपले कौशल्य दाखविले, तेव्हा तिने मोहरीच्या राशीवर रोवलेल्या सुईवर नृत्य करून दाखविले. आणि हे दोन्ही सुकर आहे, प्रमदेच्या सान्निध्यात मुनी राहणे हेच दुष्कर, असे त्याला समजाविले. आपला प्रियकर तिने गमावला होता. तरी त्याच्या विजयाची पहिली साक्षीदार तीच होती, आणि ती साक्ष तिने अभिमानाने दिली.