बाबुराव बागूल : स्वातंत्र्याचा अर्थ शोधणारा कथाकार

मनुष्य खरोखर स्वतंत्र आहे काय आणि त्याच्या जगण्याला अर्थ कोणता, हा प्रश्न विसाव्या शतकात आल्बेर काम्यू यांच्यासारख्या युरोपीय लेखकांनी आपल्या कादंबऱ्यांतून मांडला. त्याच शतकात नाशिकच्या एका सुपुत्राने हाच प्रश्न मराठी कथेत आणला. त्यांचे नाव बाबुराव बागूल.

बाबुरावांचा जन्म १७ जुलै १९३० रोजी नाशिकजवळील विहितगाव येथे एका दलित कुटुंबात झाला. वयाच्या दहाव्या वर्षी ते मुंबईस मावशीकडे राहावयास गेले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांनी कामगारांचे कष्टमय जीवन जवळून पाहिले. तेथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आणि मार्क्सच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला.

शालेय शिक्षणानंतर नोकरीनिमित्त ते सुरतेस गेले. दलित म्हणून तेथे कोणी खोली भाड्याने देईना. नाइलाजाने त्यांनी आपली जात लपविली. डोक्यावर छप्पर आले, परंतु मनाची शांती हरपली. स्वतःची ओळख चोरून जगणे असह्य होऊन अखेर त्यांनी ती नोकरी सोडली.

या अनुभवातून ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा जन्मास आली. याच नावाचा त्यांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी साहित्यविश्व हादरले. कथेतील नायकाची जात उघडकीस येताच त्याला बेदम मारहाण होते. तरीही मारणाऱ्यांविषयी तो द्वेष बाळगत नाही. त्यांचे हात उगारणाऱ्या जुन्या मनुप्रणीत व्यवस्थेलाच तो दोषी मानतो.

१९६९ साली ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह आला. महानगरातील झोपडपट्ट्यांत माणसाच्या प्राणाचे मोल किती उरले आहे, हे त्यात त्यांनी निर्भीडपणे दाखविले. पुढे ‘सूड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. १९७२ साली महाड येथे भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिक येथे राहिले. २६ मार्च २००८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

काम्यूचा नायक समाजात परका ठरतो, तो त्याच्या अलिप्त वृत्तीमुळे. बाबुरावांच्या नायकाला मात्र जन्मतःच परके ठरविलेले असते. म्हणूनच त्यांच्या लेखी स्वातंत्र्याचा आरंभ अगदी साध्या गोष्टीपासून होतो : आपण कोण आहोत हे न भिता सांगता यावे आणि ते ऐकूनही शेजाऱ्याचे दार उघडेच राहावे. ते दार आपण उघडे ठेवतो काय, हे आपणा प्रत्येकाला स्वतःलाच विचारावे लागेल.